माझ्या गाडीबद्दल माझं मत

सांगावं की नाही, असं करत इतके दिवस गप्प बसलो. पण आता चहा समोर आलाच आहे, तर ऐका. फक्त हसताना जरा बेतानं हसा. यात एका भल्या माणसाचं नुकसान झालंय, आणि ते मी केलंय. तेही हात न लावता, नुसत्या जिभेनं!

माझ्याकडे एक गाडी आहे. गाडी म्हणजे किती मोठी? नागपूरच्या मनीषनगरात आमच्या गल्लीत वळली की बोनेट डेअरीच्या दारात आणि डिकी अजून मेन रोडवर! अशी लांबलचक सेडान. घेतली जुनीच, पण रुबाब असा की सोसायटीचा चौकीदार आधी गाडीला सलाम करायचा, मग मला.

आता ती कशी आहे, हे एकदाच खरं सांगून टाकतो. सीट गादीसारखी मऊ. पण इतकी खाली, की माणूस तिच्यात बसत नाही, पडतो. बाहेर काढायला दोघं लागतात. स्पीडब्रेकर आला की पोट घासतं, गाडीचं. एसी डिसेंबरात फार सुंदर चालतो. मे महिन्यात नागपूर तापलं की तोही आपल्यासोबत तापतो. आणि दर दीड-दोन महिन्यांनी हिचा कुठला तरी सेन्सर जातो. तो म्हणे दिल्लीहून येतो. कसा येतो कोण जाणे, बहुतेक पायी. आमचे मेकॅनिक रफीकभाई माझी गाडी ओळखत नाहीत, गाडी उचलून आणणाऱ्या क्रेनच्या आवाजावरून मला ओळखतात.

हे झालं खरं. आणि मी लोकांना काय सांगायचो?

"सहा वर्षं झाली, गॅरेजचं तोंड पाहिलं नाही!"

"आत्याबाईंना पुण्याला नेलं. अख्खा रस्ता झोपून. पोचल्यावर उठवलं, तर म्हणतात, निघायचं कधी?"

आत्याबाई कधी वर्ध्याच्या पुढे गेलेल्या नाहीत. पण ऐकणारा काय त्यांना विचारायला जातो?

तुम्ही म्हणाल, एवढं खोटं का? अहो, स्वतःच्या दारातल्या गाडीला वाईट म्हणणारा माणूस पाहिलाय का तुम्ही? गाडी वाईट म्हटली की ती घेणारा गाढव ठरतो. मग माणूस गाडीची स्तुती करतो. करतो ती स्वतःचीच!

पण आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. शोरूमवाल्याचं कोणी ऐकत नाही. तो विकायलाच बसलाय. ज्याच्या दारात गाडी उभी आहे, त्याला फोन लावायचा. तो बोलेल ते ब्रह्मवाक्य.

तसा मला फोन आला काटोलहून, मधुकररावांचा.

मधुकरराव म्हणजे माझे साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचे, कुंदाचे यजमान. संत्र्याची बाग, संत्र्याचाच व्यापार. सोळाव्या वर्षी ट्रॅक्टरवर बसले ते तिथून पंचवीस वर्षं जीपवर. रात्रीअपरात्री, चिखलातून, नाल्यातून माल काढून आणणारा हात. पण पाठीचा मणका सरकला आणि डॉक्टर म्हणाले, जीप बंद, आरामाची गाडी घ्या. कुंदानं एक उंच गाडी पसंतही करून ठेवली होती. खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, खुर्चीवरून उठल्यासारखं उतरायचं.

"भाऊसाहेब," मधुकरराव म्हणाले, "कुंदा म्हणते उंच गाडी. माझं मन तुमच्यासारखीवर बसलं. तुमचं मत सांगा. तुम्ही म्हणान तेच घेतो."

त्या वेळी मी कुठे होतो? रफीकभाईंच्या गॅरेजात! माझ्या गाडीचं बोनेट उघडं, आत रफीकभाईंचं डोकं. ते डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहू लागले.

मित्रहो, एक शब्द पुरला असता. 'नको.' दोन अक्षरं!

"मधुकरराव, डोळे मिटून घ्या!" मी म्हणालो.

रफीकभाईंनी तिथल्या तिथे डोळे मिटले.

झालं! महिन्याभरात काटोलला तीच गाडी आली. नवी कोरी, माझ्या गाडीहून पांढरी. मी फोन करायचो. "कशी आहे गाडी?"

"गाडी तं झकास आहे, भाऊसाहेब. मलेच थोडं जमून नाही राहिलं."

मला वाटलं, विनय! उलट मनात म्हटलं, म्हणजे माझीच तेवढी बिघडलेली आली की काय? आणि त्या जळफळाटात मी माझीच आणखी तारीफ करायचो. "आमची तर परवा अमरावतीला जाऊन आली. ब्रेकसुद्धा लावावा लागला नाही!"

गेल्या महिन्यात काटोलला काम निघालं. गाडी अर्थातच रफीकभाईंकडे. मी एसटीनं गेलो. स्टँडवर उतरलो, तोंड रुमालानं पुसतोय, तर समोरून ड्रायव्हिंग स्कूलची लहानशी कार आली. डोक्यावर शिकाऊची पाटी. गोगलगाईच्या वेगानं. आत स्टिअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून कोण बसलेलं?

मधुकरराव!

बाजूला शिकवणारा ओरडतोय, "काका, हळू सोडा न क्लच! हळू!"

आणि सोळाव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवणारा माणूस मान खाली घालून म्हणतोय, "हौ सर. चुकलं, सर."

मी रुमाल तसाच तोंडावर धरून ठेवला. त्यांच्या घरी गेलो, ते आल्यावर विचारलं, "मधुकरराव, हे काय?"

"काय सांगू भाऊसाहेब! पाच खेप बंद पडली. एसी बसला. खालून दोनदा फुटली. मी विचार केला, तुमची सहा वर्षांत एकदा नाही बिघडली. गाडी तेच, कंपनी तेच. मंग खोट कशात? माझ्यात! जीप चालवून हात रानटी झाला माझा. म्हणून पहिल्यापासून शिकून राहिलो."

"आणि पाठ?"

"ते बी माझंच. तुमच्या आत्याबाई झोपून गेल्या पुण्याले, अन् मले उतरता येत नाही? मंग वर दोरी बांधली. तिले धरून उठतो."

खिडकीतून पाहिलं. खरंच! नव्या कोऱ्या गाडीत, दाराच्या वरच्या कडीला बैलाच्या दाव्याची दोरी लोंबत होती.

"पण आता नाही," ते हळूच म्हणाले. "या महिन्यात नाही जमलं, तं स्टिअरिंग सोडतो. ड्रायव्हर ठेवतो. लोकाईच्या जिवाले धोका काहून करावं?"

चेहरा असा, जणू कोणी त्यांची बागच लिहून मागितली. मला राहवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवून खरं बोललो.

"मधुकरराव, माझी पण बिघडते हो! दर दोन महिन्यांनी. आत्याबाई पुण्याला गेल्याच नाहीत. आत्तासुद्धा गाडी गॅरेजात आहे. मी एसटीनं आलो!"

त्यांनी माझा हात हातात घेतला. मग त्यांचे डोळे भरून आले. चहा घेऊन आलेल्या कुंदाला म्हणाले, "पाह्य वं, पाह्य! माझं मन राखाले एवढा मोठा माणूस एसटीनं आला! स्वतःची सोन्यासारखी गाडी घरी ठेवून! वरतून तिले नावं ठेवून राहिला!"

"अहो, खरंच सांगतो..."

"राहू द्या भाऊसाहेब. असा मोठेपणा नाही पाह्यला म्या!"

कुंदानं मात्र माझ्याकडे पाहिलं. ती माझ्या बायकोची बहीण आहे, तिला मी कळतो. निघताना फाटकाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, मले पटलं. ह्यायलेबी पटवा काही करून. गाडी गेली तं चालते बाप्पा, पण या माणसाच्या हातातलं स्टिअरिंग गेलं तं हा घरात बसून जाईन."

तेवढ्यात मधुकरराव किल्ली घेऊन आलेच. "भाऊसाहेब, एक कृपा करा. ही गाडी आठ दिवस तुम्ही चालवा. तुमच्या हातात नाही बिघडली, तं माझी खोट पक्की. बिघडली, तं गाडीची खोट. मंग मी मोकळा."

मी किल्ली झडप घालून घेतली. अहो, याहून सोपं काय? पाच वेळा पडलेली गाडी सहाव्यांदा पडायला किती वेळ?

बारा किलोमीटर! काटोल रोडवर, भर दुपारी, आधी एसी गेला, मग डॅशबोर्डवर लाल दिवे लागले, मग एक उसासा टाकून बाई बंद. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दोरीला धरून बाहेर आलो. बोनेटमधून वाफ निघत होती आणि मी रस्त्याच्या कडेला एकटाच हसत उभा होतो. पुरावा! मधुकरराव सुटले!

खिशात फोन वाजला. तेच होते. 

"भाऊसाहेब, कशी चालून राहिली गाडी?"

आता सांगा, काय बोलायचं होतं मला? 'बंद पडली.' बस! सगळं तयार होतं. पण कोणी गाडीबद्दल विचारलं की या जिभेला सवयच अशी, की मी तोंड उघडायच्या आत ती बोलून मोकळी झाली.

"लोण्यासारखी!"

पलीकडे त्यांनी फोन कानावरून काढला. मग लांबून, कुंदाला सांगितल्यासारखं ऐकू आलं, "पाह्य, खोट माझ्यातच होती."

मी "हॅलो, हॅलो, मधुकरराव!" करत राहिलो. फोन कटला होता. परत लावला, तर बिझी. नंतर कळलं, ड्रायव्हिंग स्कूलवाल्यालाच लावला होता त्यांनी, एखादा भरवशाचा ड्रायव्हर आहे का विचारायला.