बिनआरशाचं कपाट

आज आईला घेऊन लोअर परळला कपाट बघायला गेलो होतो. नायगावच्या चाळीच्या जागी नवीन घर मिळालंय ना, त्यासाठी. पॅरालिसिसनंतर आईचं तोंड एका बाजूला वाकडं झालंय, पण आज ती खुशीत होती.

आरशाचं कपाट दाखवत सेल्समन म्हणाला, "मावशी, दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत, म्हणून डोळ्यांना छान वाटतं."

आई हसली. तेवढ्यात आरशात तिला स्वतःचं हसू दिसलं आणि तिने पदर तोंडावर ओढला.

"बिनआरशाचं घे रे."

तेच घेतलं. टॅक्सीत मी म्हटलं, "आई, मला तुझं हसू अजून तेवढंच आवडतं."

"तू मुलगा आहेस, तुला आवडणारच," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

तुमच्या घरी कुणी असं हसणं सोडलंय का? काय बोलता तुम्ही त्यांच्याशी?