पिवळा परकर आणि बॅगेची फेरी

आमची लेक कोलंबियात असते, बोगोटाला. तिकडच्याच मुलाशी लग्न केलंय. आमच्या ह्यांनी लग्नाला नाही म्हटलं नाही आणि होसुद्धा म्हटलं नाही. फक्त तिचा व्हिडिओ कॉल आला की ह्यांना कोथिंबीर आठवते. पिशवी उचलली की चालले खाली! दोन वर्षं वड्या करून करून माझे हात दुखले, पण बापलेक काही बोलले नाहीत. जीव तुटायचा माझा.

ह्या एक जानेवारीसाठी लेकीने आधीच फर्मान काढलं. तिकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आमच्या मीरा रोडला सकाळचे साडेदहा.

"आई, ह्या वेळी इथली नव्या वर्षाची रीत दोघींनी एकदम करायची. बाराच्या ठोक्याला बारा द्राक्षं खायची, प्रत्येक द्राक्षाला एक इच्छा. मग रिकामी बॅग घेऊन बिल्डिंगला फेरी मारायची. फेरी मारेल त्याला वर्षभरात प्रवास घडतो. आणि आतून पिवळी चड्डी घालायची, नशीब उघडतं."

"लाज आहे की नाही गं मेले!" मी ओरडले. पण पिवळा परकर नेसले. उगाच नशिबाशी पंगा कशाला?

साडेदहाला फोन वाजला. कोथिंबीर कालच आणलेली, म्हणून हे पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. लेक पलीकडून आकडे मोजायला लागली आणि मी द्राक्षं कोंबायला. नाशिकची असली म्हणून काय झालं, जानेवारीची द्राक्षं ती! आंबटढाण! डोळ्यांतून घळाघळा पाणी. बारा इच्छा मागायच्या होत्या, पण मी बाराही वेळा एकच मागितली: हा माणूस एकदा पोरीशी बोलू दे.

गाल फुगलेले, एका हातात फोन, दुसऱ्या हातात बॅग. आणि बॅग रिकामी नव्हती हं. लेकीकडे जायची बॅग रिकामी कशी न्यायची? कुठे शोभतं का ते? मेतकूट, गोडा मसाला, पोह्याचे पापड आणि लोणच्याची बरणी, सगळं मी रात्रीच भरून ठेवलं होतं. चाकं नुसती कुरकुरत होती.

"आंटी, किधर?" वॉचमनने विचारलं.

"ऊं ऊं ऊं," मी म्हटलं.

समोरून बी विंगमधली गुजराती शेजारीण आली. माझे डोळे बघितले, बॅग बघितली आणि हँडलच धरलं. "अरे बेन, झगडा थयो? ऐसे घर नहीं छोड़ते!" मी मान हलवतेय तर तिला वाटलं, मी हट्टच धरलाय. कशीबशी बॅग सोडवून पळाले. मागे वॉचमन इंटरकॉमवर सांगत होता, "अंकल, आंटी सामान लेके जा रही है. रो भी रही है."

अगं बाई! आता झाली का पंचाईत? पण फेरी अर्धवट सोडायची नव्हती. फोनमध्ये लेकही आपली बॅग ओढत धावत होती आणि खिदळत होती.

पाण्याच्या टाकीपाशी वळले, तर समोर हे उभे. अंगात बनियन, पायांत दोन वेगवेगळ्या चपला आणि हातात ती कोथिंबिरीची पिशवी, टम्म फुगलेली. वरून स्वेटर आणि माकडटोपी डोकावत होती.

"पोरीकडे चाललीस ना?" ह्यांना धाप लागली होती. "मला टाकून? एकटी?"

मी शेवटचं द्राक्ष कसंबसं गिळलं. "अहो, पण माकडटोपी कशाला?"

"तिकडे बारा महिने थंडी असते. रोज बघतो मी मोबाइलवर, तिच्याकडचं हवामान."

रोज! आणि मी इथे वड्या थापत बसले होते. मला हसू यावं की रडू, कळेना. दोन्ही आलं.

"बाबा?" फोनमधून आवाज आला.

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग एकदम खेकसले, "एवढ्या थंडीत टोपी न घालता रस्त्यावर काय उभी राहिलीस?"

"घालते, बाबा," ती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली.

"रडू नकोस. चल, फेरी पूर्ण कर. मीपण मारतोय." आणि फोन समोर धरून हे तरातरा पुढे निघाले, गेटपाशी वॉचमनलाही लेक दाखवली.

बॅग मात्र मलाच ओढावी लागली.