साडी दाखवणारे सदूभाऊ

आमच्या गावच्या साडीच्या दुकानात सदूभाऊ तीस वर्षं साड्या दाखवताहेत. एखादी बाई दोन साड्यांत अडकली, की ते गादीवरून उठायचे, शर्ट-पँटवरच भराभर निऱ्या घालायचे आणि पदर खांद्यावर टाकून उभे राहायचे. बायका काठ निरखायच्या. सदूभाऊंकडे कुणाचं लक्षही नसायचं.

परवा भाचीसाठी शालू घ्यायला गेले, तर दुकानात मोठी जाहिरात लावलेली. दाढीवाला देखणा तरुण पैठणी नेसून ऐटीत उभा होता आणि शेजारी कोट-टाय घातलेली मुलगी. मला ते चित्र आवडलं, धीट वाटलं.

"सदूभाऊ, हा शालू नेसून दाखवा ना," मी म्हटलं.

"नको ताई. ते चित्र लागल्यापासून पोरी मला हसतात. फोटो काढतात." त्यांनी शालू पुढ्यात ओढला. "पूर्वी साडी दिसायची हो. आता मी दिसतो."

बाई-पुरुषांमधली रेघ पुसायला निघालेल्या त्या चित्रानं इथं ती नव्यानं ओढली होती. सदूभाऊ खाली मान घालून शालूची घडी घालू लागले.