पी. बी. लोपीस कुणाचा?

विल्फ्रेड लोपीस शारजात अल मजाजला राहतो आणि कुणाचं ऐकून घेत नाही. अजमानच्या हॉलमध्ये वसईकर मंडळाचा कार्यक्रम ठरला, तसं त्यानं जाहीर केलं, "इथल्या दफनभूमीतल्या आपल्या माणसांचा इतिहास मी सांगणार." कुणी विचारलं नव्हतं. मेलेल्यांची बाजू घ्यायला आमंत्रण लागतं काय?

अडचण एकच. आपल्यातल्या सगळ्यांत जुन्या थडग्यावर नाव होतं ‘पी. बी. लोपीस, वसई’. आता वसईत दगड भिरकावला तर लोपीसलाच लागतो. म्हणून माणूस ओळखायचा घराण्याच्या टोपणनावावरून. विल्फ्रेडचं घराणं भेंडी.

"बी म्हणजे भेंडी! पीटर भेंडी, माझा चुलत आजा. या वाळूत पहिला आडवा झालेला वसईकर आमचा."

"बी म्हणजे बोंबील," ऑस्कर लोपीस म्हणाला. त्याचं घराणं ते. "आमचा पास्कू."

"बोंबील वाळायला इथवर कशाला येईल? वसईत ऊन नव्हतं?"

मृतांच्या दिवशी सगळे मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जमले. ऑस्करनं साक्षीला गावाहून व्हिजिटवर आलेली म्हातारी अ‍ॅलिस आत्या आणली. तिनं दगडावर हात फिरवला.

"बी म्हणजे बस्त्याव. बापाचं नाव. हा पीटरच, भेंडीवाल्यांचा."

"ऐकलंस, हबीबी? खलास!" विल्फ्रेड असा ओरडला की शेजारच्या मल्याळी कुटुंबाची प्रार्थना थांबली. "पण बाय, तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझं लग्न ठरलेलं याच्याशी. इकडे मांडव उभा राहिला, तिकडे हा बोटीत बसला. लग्नाला घाबरून पळाला मेला!"

विल्फ्रेडनं घसा खाकरला. "ऑस्कर, तसं बघितलं तर बोंबीलही असू शकतं."

"छे रे! भेंडीच. तूच सांगत होतास ना गावभर?"

"तेव्हा जाब द्यायला भेंडीवाल्यांतला एकही माणूस उभा राहिला नाही," आत्या म्हणाली. "हा तुमचा ना? मग बोल."

विल्फ्रेडनं आजवर ट्रॅफिक पोलिसालाही सॉरी म्हटलेलं नाही. पण ‘आमचा नाही’ म्हणायला जीभ वळेना. ऑस्करच्या देखत त्यानं कान धरले. "बाय, भेंडी घराण्यातर्फे माफी."

"मोठ्यानं बोल," आत्या म्हणाली. "त्यालाही ऐकू जाऊ दे."