आरव्हीचा अडॅप्टर कुणी निवडायचा

माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. अक्कल वापरायला मनाई आहे असं त्यावर कुठेही लिहिलं नव्हतं, पण आमच्या मंडळींनी ते गृहीत धरलं होतं.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, टेक्ससमधल्या अर्विंगला राहायचो. २००५ साल असेल. मी नागपूरला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलेलं, लग्नाआधी एका कारखान्यात विजेचे पॅनेल तपासायची नोकरी केलेली. नवरा आणि त्याचे सगळे मित्र सॉफ्टवेअरवाले. पार्टीत कुणीतरी “अरे वा, तुम्हीपण इंजिनिअर?” असं विचारायचं आणि लगेच पुढे, “ही चटणी कशी केलीत?” मला भयंकर राग यायचा. चटणी मात्र चांगली व्हायची, ते खरं.

त्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या, जवळच्याच फ्रिस्को गावातल्या मित्राने टूम काढली: दोन्ही कुटुंबांनी आरव्ही भाड्याने घ्यायची आणि लाँग वीकेंडला तळ्याकाठी कॅम्पिंगला जायचं. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घरच. आत ओटा, पलंग, फ्रीज, एसी. कॅम्पग्राउंडवर पोचलं की तिची जाड केबल तिथल्या खांबावरच्या सॉकेटला जोडायची. पण प्रत्येक ठिकाणचं सॉकेट वेगळं, म्हणून अडॅप्टर लागतात. ते घ्यायला निघायच्या आदल्या दिवशी नवरा, तो मित्र आणि मी दुकानात गेलो. मी दोन तयार अडॅप्टर उचलले: एक कॅम्पग्राउंडवरच्या मोठ्या सॉकेटसाठी, एक घरातल्या साध्या सॉकेटसाठी.

“वहिनी, साध्या सॉकेटवर एसी नाही चालणार,” मित्र म्हणाला. “निघायच्या आधी गाडी कूल करायला हवी ना यार. माझ्या गॅरेजमध्ये कपडे वाळवायच्या ड्रायरचं सॉकेट आहे, हेवी-ड्यूटी. त्याला डायरेक्ट लावू.” आणि त्याने एक ड्रायरचा प्लग, एक आरव्हीचं सॉकेट आणि जाड वायर ट्रॉलीत टाकली. घरी जोडून आपला अडॅप्टर आपणच बनवणार म्हणे.

“ड्रायरला दोनशेचाळीस व्होल्ट येतात,” मी म्हटलं. “आरव्हीला एकशेवीसच लागतात. आतलं सगळं जळेल.”

“वहिनी, आपण तर दोनशेवीसवरच वाढलो!” तो हसला. नवराही हसला. मी ते सामान उचलून परत फळीवर ठेवलं. त्याने ते पुन्हा घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांची चूक कशी झाली ते मला कळत होतं. आपल्याकडे घरभर एकच व्होल्टेज. प्लग बसला की काम झालं, हे लहानपणापासून हातात मुरलेलं. अमेरिकेत एकाच घरात दोन व्होल्टेज नांदतात. पण ज्याला हे माहीत नाही त्याने माहीत असणाऱ्याचं ऐकावं, एवढी साधी अपेक्षाही मी करायची नाही?

निघायच्या दिवशी दुपारी आरव्ही त्याच्या दारात उभी होती. ऊन मी म्हणत होतं. मुलं आत जाऊन बसली होती, मित्राच्या पुण्याहून आलेल्या आई, म्हणजे काकू, पदराने वारा घेत होत्या. मित्राने घरी जोडलेली ती वायर ड्रायरच्या सॉकेटला लावायला घेतली. मी गॅरेजमधल्या पॅनेलपाशी गेले, ड्रायरचा ब्रेकर पाडून त्या सॉकेटची वीज बंद केली आणि पॅनेलला पाठ लावून उभी राहिले.

“अगं, पुरुष बघताहेत ना,” काकू म्हणाल्या.

“बघू देत, काकू. हात लावू देणार नाही.”

नवरा जवळ येऊन हळूच म्हणाला, “सगळ्यांसमोर तमाशा नको.”

“मग ती वायर काढ,” मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं.

शेवटी मित्राने आरव्हीच्या मालकाला फोन लावला, स्पीकरवर. मालक जवळजवळ ओरडलाच. ड्रायरच्या सॉकेटला चुकूनही लावू नका, मायक्रोवेव्हपासून एसीपर्यंत सगळं बाद होईल, गाडीत माणसं असतील तर आधी बाहेर काढा.

“बरं झालं विचारलं,” मित्र म्हणाला.

“तुम्हाला हे कालच सांगितलं होतं,” मी म्हटलं. “फुकट.”

नवरा म्हणाला, “जाऊ दे ना आता. तुला हवं तेच झालं ना?”

नव्हतं झालं. मी तिथून हलले नाही. “ट्रिपभर केबल, अडॅप्टर, सॉकेट, सगळं मी बघणार,” मी सांगितलं. “मला विचारल्याशिवाय कुणी काही जोडायचं नाही. जेवणाचं तुम्ही दोघं बघा.”

मित्राने नवऱ्याकडे पाहिलं, परवानगी विचारल्यासारखं.

“त्याच्याकडे काय बघता?” मी म्हटलं. “इंजिनिअर मी आहे.”

काकूंनी पदर थांबवून लेकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “ऐकलंस ना? वायर काढ, आणि कणीक कुठे ठेवलीय ते बघ.”

मी घरच्या साध्या सॉकेटचा अडॅप्टर लावला. त्यावर दिवे लागले, फ्रीज सुरू झाला, एसी काही चालला नाही. निघेपर्यंत आम्ही सगळे त्या तापलेल्या गाडीत घामाने निथळत सामान लावत होतो, आणि इतक्या आनंदाने मला त्या देशात त्याआधी कधी उकडलं नव्हतं.