फ्लॅट इतवारी पाहू नका

थांबा, बाकीचं राहू द्या, हे मले आत्ताच्या आत्ता सांगायचं आहे. टाइप करून राह्यली तर बोटं घाई करून राह्यले, चुका सांभाळून घ्या.

आज आमच्या फ्लॅटची रजिस्ट्री झाली. पण सांगायचं आहे ते दुसऱ्याच फ्लॅटचं, जो आमी घेता घेता राह्यलो.

मी चंद्रपुरात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाले आहो, किरायाच्या खोलीत राहते. आई-बाबा चामोर्शीले. मागच्या हिवाळ्यात बाबाच्या छातीत स्प्रिंग टाकली. डॉक्टर म्हणाले, दवाखान्याच्या जवळ राहा, दुपारची झोप पाह्यजेच, आणि यायले दचकू देऊ नका. आता बाबा म्हणजे आधीपासूनच दचकणारे. आई कुकर लावते तर स्वयंपाकघरातून आधी ओरडते, "अवो, सिट्टी होणार आहे बरं!" बाबा तयार होऊन बसते, आणि सिट्टी झाली की तरी दचकते. पहिले आमी हसत होतो. आता नाई हसत.

म्हणून फ्लॅट. लिफ्टवाला, शांत, दवाखान्याजवळचा.

मग मले एक सापडला आणि मी तर पागलच झाली! तिसरा मजला, मोठी बाल्कनी, सकाळचं ऊन. मनातल्या मनात मी पडदे पण लावून टाकले. आणि मी काई भोळी नाई हं. मोबाइलवर जेवढे व्हिडिओ होते तेवढे पाहिले. रेरा नंबर टाकून पाहिला, मंजूर नकाशा मागितला, वकिलाकडून सर्च करून घेतला, पार्किंग कागदावर आहे की नुसतं तोंडी ते इचारलं, मे महिन्यात नळ येते की टँकर ते पण इचारलं. सगळं बरोबर. एजंट भाऊ म्हणाला, "ताई, तुमच्यासारखं कोणी इचारतच नाई." मी फुगली.

फक्त एक. मले सुट्टी इतवारी. म्हणून दरवेळी आमी इतवारीच गेलो.

टोकन सोमवारी द्यायचं होतं. आदल्या दिवशी, म्हणजे पुन्हा इतवारीच, बाबा पहिल्यांदा पाह्यले आले. एजंट म्हणाला, "काकाजी, बाल्कनीत उभे राहा, हवा पाहा!" बाबानं हवा पाहिली नाई, टाइल्स पाहिल्या नाई, किचन पाहिलं नाई. इचारलं, "धुरेकरी कोण आहे?"

आमच्या इकडे धानाची बांधी घ्यायची तर माणूस पहिले बांधीत जात नाई. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पल्याड ज्याचं शेत आहे, त्याच्या घरी जाऊन बसते. तो धुरेकरी. पाणी कोण अडवते, गाडी कुठून जाते, चिखल कुठी राहते, सारं तोच सांगते. विकणारा काऊन सांगन?

एजंट हसला. "काकाजी, फ्लॅटले कुठचा धुरा? भिंत आहे."

"मंग भिंतीच्या पल्याड कोण आहे?"

मले लाज वाटली. म्हटलं, "बाबा, शहर आहे हे, असं कोणाच्या घरी घुसत नाई."

"राहाचं कोणासंगं आहे मले? या भाऊसंगं?"

आणि बेल वाजवून मोकळे!

दार उघडलं एका खालानं. त्यायचं बाजारात बांगड्यायचं दुकान आहे. बसा म्हणाल्या, चहा टाकला. आई घरभर नजर फिरवून राह्यली होती. मग सरळ इचारलं, "बाई, भिंतीवर एक फोटो नाई, घड्याळ नाई. काऊन वो?"

खरंच! सगळ्या फ्रेमा दिवाणावर आडव्या झोपवून ठेवल्या होत्या. घड्याळ फ्रिजवर, कापडावर.

खाला माझ्याकडे पाहून हसल्या. "बेटी, तुम लोग इतवार कोच आते क्या देखने को?"

"हो. काऊन?"

"दोपहर में कोयले की खदान का धमाका होता ना. इतवार को बंद. बाकी दिन आके बैठो, कप अपने आप बजता."

एजंट म्हणाला, "खाला, एवढं पण नाई होत."

"तू रहता क्या यहां?"

त्यानंतर तो मोबाइलच पाहत राह्यला.

मले तरी पटून नाई राह्यलं. पडदे लावून झाले होते ना! संध्याकाळी एजंटचा फोन, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. आईनं फोन माझ्या हातातून घेतला. "मंग त्याले द्या भाऊ," आणि ठेवला.

मंगळवारी मी अर्धी सुट्टी काढली. बाबाले माझ्या खोलीवर ठेवून आमी दोघी खालाकडे जाऊन बसलो. दुपार झाली. पहिले पायाखालून काईतरी सरकल्यासारखं झालं, जसं घराखालून ट्रक जाऊन राह्यला. मग धडाम! खिडकीचे काच कडकडले, बाल्कनीतले सारे कबूतर उडाले. मी वाटच पाहत होती, तरी हातातलं बिस्किट चहात पडलं. खाला आरामात सुपारी कातरत होत्या.

आईनं माझं मनगट धरलं होतं. सोडलं नाई. म्हणाली, "यायले इथी आणाचं नाई."

बस. बाबा त्या दुपारी तिथी झोपले असते तर? मी तो विचार अजून पूर्ण करत नाई.

आजचा फ्लॅट शहराच्या दुसऱ्या अंगाले आहे. बिल्डिंग जुनी, लिफ्ट करकर करते, बाल्कनीतून समोरच्याची टाकी दिसते. पण हा आमी बुधवारी पाहिला, भर दुपारी. बाबानं धुरेकरी गाठले. शेजारचे रिटायर गुरुजी म्हणाले, उन्हाळ्यात नळाची धार बारीक होते, आणि वरचा पोट्टा कधीमधी ढोल शिकते, परीक्षा आली की बंद. खदान लांब आहे, इथी आवाज येत नाई.

मग बाबानं रिकाम्या हॉलमध्ये पेपर पसरला. "पाच मिनिटं टेकतो." आणि घोरायले लागले! आई, मी आणि नवीन एजंट किचनमध्ये उभे राहून कुजबुजून राह्यलो. खाली भाजीवाला ओरडून गेला, कोणाच्या गाडीचा हॉर्न अडकला, बाबा हलले नाई. मी ओट्याले टेकून रडली, आणि आई मले गप कर म्हणता म्हणता सोताच हसायले लागली.

आता तुमी सांगा. घर पाह्यले तुमी कोणत्या दिवशी गेलते? शेजाऱ्याच्या घरी चहा घेतला काय? का राहायले गेल्यावरच समजलं? असं तुमच्यासंगं पण झालं काय?