मैदानातलं पैठण

आधी कंडक्टर बाईंचं सांगते, मग माझं. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. वीसेक वर्षं त्यांनी एसटीत तिकिटं फाडली, त्यातली बरीचशी पैठणच्या रस्त्यावर. आज मी माझ्या दोन पायांवर उभी राहून पोळ्या लाटते ती त्यांच्यामुळं. डॉक्टरांमुळंही असेल, गोळ्यांमुळंही असेल. पण गोळी गिळायला कुणाची सोबत लागत नाही. चालायला लागते.

मी भंडाऱ्याकडची. सातवीत शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इकडं आले. नवरा वाळूजला कंपनीत जातो, मी पडेगावला एका मेसमध्ये पोळ्या करते. इतकी वर्षं झाली, आता माझ्या बोलण्यातही 'लई' आणि 'व्हय' येतं. पण सणावाराला जीव तिकडंच असतो, आणि तिकडं जायचं म्हणजे सुट्टी मागण्यापासून सुरुवात.

माझ्या आईला शुगर होती. पायाच्या अंगठ्यात काही रुतलं, काटा असेल नाहीतर काच, तिला कळलंच नाही. तळपाय बधिर झाले होते. आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. हे सगळं व्हायच्या आधी तिथले डॉक्टर तिला सांगत होते, रोज चालत जा. मीही फोनवर रोज विचारायची, "चालतेस का गं?"

ती म्हणायची, "कोठी चालू वो?"

मला वाटायचं, आळस करते. एकदा मी चिडलेच. तेव्हा ती म्हणाली, "रस्त्यानं निंगाली का लोक पुसतात, कोठी चालली वो? वावरात नाही, बाजारात नाही, त का सांगू मी? उगीच चालून रायली म्हणू? हासतीन ना लोक."

आणि मी हसले. फोनवर, मोठ्यानं.

आमच्या गावात रस्त्यात कुणी भेटलं की रामरामाच्या जागी हेच विचारतात, कुठं चाललीस. विचारणाऱ्याला खरं तर काही जाणून घ्यायचं नसतं. पण उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तरात एक गाव, एक वावर, एखादं दुकान तरी असावं लागतं. आईकडं ते नव्हतं. तिच्यासोबत चालेल असं माणूसही नव्हतं. मी होते, तर मी इथं पोळ्या लाटत होते.

ती गेली तेव्हा मी पोचले, पण उशिरा. तिला न्हाऊ घालून झालं होतं. अंगावर चादर होती. एका बाजूला चादरीखाली पाय दिसत होता, दुसऱ्या बाजूला चादर जमिनीला टेकलेली होती, सपाट.

त्यानंतर दोन वर्षांनी मेसमध्ये माझ्या पायावर गरम उलथनं पडलं. मला कळलं नाही. शेजारी पीठ मळणारी ओरडली, "अगं पाय! पाय!" मी खाली बघितलं तर कातडी लाल झालेली, आणि मला नुसता कुणी हात लावल्यासारखं वाटत होतं. रक्त तपासलं. शुगर निघाली, आणि चांगली जुनी निघाली. डॉक्टर काय काय बोलत होते, माझ्या डोळ्यांपुढं ती चादर होती.

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "रोज सकाळी ब्रिस्क वॉक. पंचेचाळीस मिनिटं. हळूहळू वाढवा." मी मान हलवली. बाहेर रांगेत एक बाई मला सांगून गेली होती की शुगरवाल्यांनी चालताना जवळ बिस्कीट ठेवावं, चक्कर येते. त्यामुळं डॉक्टरांचं बोलणं मला बरोबरच ऐकू आलं असं मी समजले. बिस्कीट वॉक. मोठ्या लोकांची नवी पद्धत असेल. परत विचारावं असं एकदा वाटलं होतं. पण शाळा अर्धी सोडलेल्या माणसाला विचारायची लई भीती असते. विचारलं की कळतं ना, हिला येत नाही म्हणून.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "दिवसभर उभीच असतेस की. अजून काय चालायचं?" मेसमधल्या बायका म्हणाल्या, "हिरोईन व्हायचंय का या वयात?" तरी मी कॅनव्हासचे पांढरे बूट आणले. साडीवर बूट. पहिल्या दिवशी आरशात बघितलं आणि परत काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी निघाले.

घरापासून जवळच एक मोकळं मैदान आहे, कडेनं कडुलिंब, एका बाजूला लोखंडी गेट. तिथवर जाताना शेजारीण भेटली. "इतक्या सकाळी कुठं चालली?"

मी म्हणाले, "दूध आणायला."

तोंडातून निघून गेलं. मग दुसऱ्या दिवसापासून मी हातात पिशवी घ्यायला लागले, खोटं खरं दिसावं म्हणून. पिशवीत बिस्किटाचा पुडा. भिंतीकडेनं खाली मान घालून एक फेरी मारायची, दोन बिस्किटं खायची, आणि घरी पळायचं. आईवर हसले होते ना, ते असं फिटत होतं.

चौथ्या दिवशी गेटजवळच्या बाकावरून आवाज आला. "ए पोरी! थांब."

मी बेचाळीस वर्षांची. इकडं तिकडं बघितलं, दुसरी पोरगी कुणी नव्हती. बाकावर एक जाडजूड बाई बसलेल्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, साडीखाली पुरुषांसारखे काळे बूट.

"तीन दिस बघतेय. तू चालायला येती का खायला येती?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"बिस्कीट वॉक."

 त्या जे हसायला लागल्या, पदर तोंडात घातला तरी थांबेनात. "अगं माझे माये! ब्रिस्क! ब्रिस्क म्हंजे झपझप! शुगरवालीला बिस्कीट कोण सांगंल?"

मला रडू आलं. तिथंच, उभ्या उभ्या. त्यांचं हसणं बंद झालं. बाकावर सरकून त्यांनी जागा केली.

"मला बी कळलं नव्हतं ते," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टरला म्हणलं, मराठीत सांगा. तू म्हणली नाय. एवढाच काय तो फरक. पुडा फेकू नको, पण फोडू बी नको. चक्कर आली तरच. आणि ही पिशवी कशापायी?"

मी सांगितलं. दुधाचं सांगितलं. मग का कोण जाणे, आईचंही सांगितलं, चादर सोडून सगळं. त्यांनी मध्ये एकदाही 'अरेरे' केलं नाही.

"म्हंजे तुला जायला गाव पायजे. व्हय ना?"

"हो."

"मग बस माझ्या गाडीत. ही पैठणची गाडी हाय. पहिली फेरी नक्षत्रवाडी. दुसरी चितेगाव. तिसरी बिडकीन, मग ढोरकीन, मग पिंपळवाडी. सहावीला पैठण. आज तुझं तिकीट नक्षत्रवाडीपर्यंतच. उगं पुढं जायचं नाय, विनातिकीट धरीन."

त्यांनी उठून किल्लीनं गेटवर दोनदा ठोकलं. डबल बेल, गाडी सोडा.

त्या स्वतः अर्धी फेरीच चालायच्या. धावत्या गाडीत उभं राहून राहून गुडघ्यांची वाट लागली होती. अर्ध्या फेरीनंतर बाकावर बसायच्या, आणि मी समोरून गेले की ओरडायच्या, "चला, पुढं सरका, पुढं सरका!" मैदानातले म्हातारे वळून बघायचे. पहिले काही दिवस मी लाजेनं अर्धी व्हायची. मग सवय झाली. मग असं झालं, की त्या ओरडल्या नाहीत तर पाय जड वाटायचे.

आठवडाभर त्यांनी मला नक्षत्रवाडीच्या पुढं जाऊच दिलं नाही. मी म्हणाले, जमतंय की. तर म्हणाल्या, "पहिल्याच दिशी पैठणला जाणारे दुसऱ्या दिशी डेपोत दिसत नाय. लई बघितलेत." मधेच मेसमध्ये लग्नाची मोठी ऑर्डर आली आणि माझे तीन दिवस बुडाले. चौथ्या दिवशी मी तोंड लपवत आले. मनात पक्कं होतं, आता तुटलं ते तुटलं, आपल्याच्यानं काही होत नसतं, शाळाही अशीच सुटली होती.

"गाडी रद्द व्हती का?" त्यांनी विचारलं.

"हो. तीन दिवस."

"मग? रद्द झालेल्या गाडीसाठी प्रवासी फलाटावर रडत बसतो व्हय? आजची वेळेवर सोड." आणि टकटक.

उन्हाळा सरेपर्यंत मी बिडकीनला पोचले होते. एका सकाळी शेजारणीनं परत विचारलं, "कुठं चालली?" पिशवी केव्हाच सुटली होती. मी म्हणाले, "बिडकीनला."

"चालत?"

"चालत."

 मी हसत हसत मैदानात गेले आणि दुसऱ्या फेरीत एकदम थांबले. आईला एवढंच तर सांगायचं होतं. म्हण ना आई, साकोलीला चालले. म्हण, तुमसरला. फोनवरून मी कानाशी टकटक केली असती, आणि ती रस्त्यानं निघाली असती. इतकं सोपं होतं. मला सुचलं नाही, कारण तोवर मी स्वतः एकही फेरी चालले नव्हते. बाकावरून हाक आली नाही. बाईंनी माझ्याकडं बघितलं असणार. थोड्या वेळानं टकटक ऐकू आली, हळू.

पावसाळ्यात ढोरकीनपर्यंत झालं. आणि एक दिवस बाक रिकामा.

बाई न्हाणीतून येताना पाय घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. इथं त्यांचं जवळचं कुणी नव्हतं, म्हणून पुतण्या येऊन त्यांना देवगाव रंगारीला घेऊन गेला. मला हे त्यांच्या गल्लीतल्या बाईकडून कळलं. मी तीन दिवस मैदानात गेले. गेट तेच, किल्ली नाही. घराच्या किल्लीनं मी एकदा ठोकून बघितलं. लोखंडाचा नुसता आवाज झाला. चौथ्या दिवशी उठले नाही. मग पाऊस होता. मग पाहुणे होते. असे तीन आठवडे गेले.

एका रविवारी मेसमधून सुट्टी घेऊन देवगावला गेले. जाताना बूट घातले, बाईंना बरं वाटेल म्हणून. आदल्या दिवशी घासून धुतले होते.

त्या खाटेवर होत्या. इतक्या लहान दिसत होत्या की मला आधी ओळखूच आल्या नाहीत. कमरेवर चादर होती. मी बळेच तिकडं बघितलं. दोन पाय होते.

"कुठंपर्यंत पोचली?" पहिला प्रश्न हाच.

"ढोरकीनच्या पुढं," मी म्हणाले.

त्यांनी मान वळवून माझ्या पायांकडं बघितलं. बराच वेळ.

"इतके पांढरे बूट ढोरकीनला जाऊन येत नसतात गं."

मी खाली बसले. खाटेच्या कडेला डोकं टेकलं. विनातिकीट धरलं होतं मला. म्हणाले, "तुम्ही नाही तर जमत नाही, बाई. भीती वाटते."

"मी उतरले म्हणून गाडी थांबती व्हय?" त्यांचा आवाज चिडका होता, पण हात माझ्या डोक्यावर. "मला चालता येत नाय, म्हणून तू बी पाय देऊन टाकती का? कुणाला देती? आईला?"

तेवढं एकच वाक्य त्या आईबद्दल कधी बोलल्या असतील. येताना एसटीत मी खिडकीशी बसून रडले. कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा गावाचं नावही धड निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानात गेले. परत नक्षत्रवाडीपासून.

आता मी पिंपळवाडीला जाते. पाच फेऱ्या. शुगर खाली आली आहे. तळव्यांबद्दल डॉक्टर म्हणतात, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण आहे ते जाऊ द्यायचं नाही. हे मी त्यांच्याकडून मराठीत सांगून घेतलं. रोज रात्री जेवणानंतर पाय उलटे करून आरशात बघते, कुठं जखम नाही ना. बूट घालायच्या आधी झटकते. भीती गेलेली नाही. ती माझ्यासोबतच चालते.

सहावी फेरी मी मारत नाही. पाच फेऱ्यांत पंचेचाळीस मिनिटं भरत नाहीत म्हणून पिंपळवाडीहून वळून परत ढोरकीनकडं चालते. मैदानातले म्हातारे विचारतात, उलटी का फिरते? मी म्हणते, परतीची गाडी.

बाईंचा फोन येतो. वॉकर धरून त्या उंबऱ्यापर्यंत जातात म्हणे. मी विचारलं, "ते कोणतं गाव?"

"गाव कसलं," त्या म्हणाल्या. "अजून डेपोचं गेट बी नाय आलं."

 त्यांचं वय झालंय, हाड जुळायला वेळ लागतोय. मला सगळं कळतं. तरी लिहून ठेवते. बाई, तुमच्या पायांनी आलात तर तुमच्या पायांनी, नाहीतर चाकाच्या खुर्चीत बसवून, एक दिवस मी तुम्हाला या मैदानात आणीन. खुर्ची मी ढकलीन. कुणी विचारलं कुठं चाललात, तर तुम्ही सांगायचं. सहावी फेरी त्या दिवसासाठी ठेवली आहे. पैठणचं तिकीट त्या दिवशी मी फाडीन, आणि गेटवर टकटकही मीच करीन.